पंप लिहिण्याआधी पाठ ऐका : खान्देशात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी फुप्फुसाच्या फायब्रोसिसची वाट

बॉण्डवर आलेले नवे डॉक्टर आमच्या भागात पोचले की पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी विचारतात. साप चावला तर काय, विंचू चावला तर काय आणि फवारणीची विषबाधा आली तर ॲट्रोपिन किती. विचारायलाच हवं. पण वर्षभरात त्यांच्या ओपीडीत साप चावलेल्यांपेक्षा 'चालताना दम लागतो' म्हणणारे कितीतरी जास्त येतात. त्या गर्दीत फायब्रोसिसचे, म्हणजे फुप्फुसात वण पडून ते कडक होण्याच्या आजाराचे, दोन-चार जण हातात दम्याचा पंप घेऊन निघून जातात. माझ्याकडूनही गेले आहेत, म्हणून हे लिहितोय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक केळी बागायतदार माझ्याकडे यायचे. त्यांना आपण आबा म्हणू. कोरडा खोकला आणि बांधावरून चालताना दम. विडी तरुणपणी सोडलेली. मी पंप दिला. थोडं बरं वाटलं म्हणाले, मग नाही वाटलं. मी पंप बदलला. मध्ये दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना टीबीच्या गोळ्याही सुरू झाल्या आणि सहा महिन्यांनी संपल्या. खोकला होता तिथेच.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, माझ्या केबिनमधला कुलर थांबला. उकाड्याने आबांनी सदरा काढला आणि मी सहज पाठीला नळी (स्टेथोस्कोप) लावली. दोन्ही बाजूंना, अगदी खाली, श्वासाच्या शेवटी चर्र-चर्र-चर्र. चौदा महिने तो आवाज तिथेच असणार. माझ्या कुलरच्या घरघरीत आणि त्यांच्या सदऱ्यावरून तो मला ऐकू आला नव्हता.

पुढे कळलं की आबांचं दुखणंही कुलरमधूनच आलं होतं. ते खाली पाचव्या पायरीत येईल.

१. शंका कुणाची घ्यायची

वय ५० च्या पुढे, तीन महिन्यांहून जास्त दिवस कोरडा खोकला, आणि दम चालतानाच, बसल्यावर नाही. आमच्याकडचा पेशंट अहिराणीत सांगतो, "बठेल ऱ्हास तवय काहीच नही, चालाले लागनू का दम लागस." हे वाक्य कानावर पडलं की पेन खाली ठेवा.

दमा चढउताराचा असतो. रात्री जास्त, धुळीने जास्त, मधले दिवस चांगले. फायब्रोसिसचा दम उतरत नाही, हळूहळू चढत जातो. गेल्या दिवाळीला मळ्यापर्यंत चालत जाणारा माणूस या दिवाळीला मोटरसायकलवर मागे बसून जातो. "मागच्या वर्षी काय करत होतात जे आता होत नाही?" एवढंच विचारा. घरच्यांना विचारलंत तर उत्तर जास्त खरं मिळेल. पुरुष दम लागतो हे कबूल करत नाहीत आणि बायका कामच कमी करून टाकतात.

वजन कमी होतं, भूक मरते, थकवा असतो. आणि ही सगळी लक्षणं टीबीचीही, म्हणून गोंधळ.

२. टेबलावर काय हवं

मोठ्या मशिनी लागत नाहीत. चांगली नळी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, वजनकाटा, हात नसलेली एक खुर्ची, घड्याळ आणि व्हरांडा. ऑक्सिमीटर तीन-चार महिन्यांतून एकदा स्वतःच्या बोटावर तपासा. स्वस्तातले काही मॉडेल सेल उतरला की वाटेल तो आकडा दाखवतात. लग्नसराईत मेंदी लावलेली किंवा नेलपॉलिशची बोटं येतात, तेव्हा दुसरं बोट घ्या. बोट गार असेल तर आधी चोळा. सावळ्या कातडीवर हे यंत्र खरी पातळी आहे त्यापेक्षा थोडी जास्त दाखवू शकतं, म्हणून काठावरच्या ९२-९३ ला 'ठीक आहे' म्हणू नका.

३. सदरा काढा, पंखा बंद करा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात. साठ पेशंटची रांग असते, मला माहीत आहे. तरी ज्यांच्याबद्दल वरची शंका आली, त्या दोघा-तिघांपुरतं करा.

पंखा बंद. कुलर बंद. बाहेरच्यांना गप्प बसायला सांगा. पेशंटला स्टुलावर पाठमोरं बसवा, पाठ उघडी. बाई असेल तर सिस्टर जवळ असू द्या आणि साडीवरून ऐकण्याचा मोह टाळा. नळी खांद्याच्या फऱ्याखाली, अगदी तळाशी लावा आणि तोंडाने सावकाश मोठा श्वास घ्यायला सांगा. आता श्वास आत जाताना, विशेषतः शेवटी, बारीक कोरडा चरचर आवाज दोन्ही बाजूंना येतो का? खोकायला लावून पुन्हा ऐका. कफाचा आवाज खोकल्याने बदलतो किंवा जातो, हा जात नाही.

आवाज ओळखीचा नसेल तर टेबलावरचा बीपीचा पट्टा घ्या, कानाजवळ धरा आणि त्याची चिकटपट्टी अगदी सावकाश सोडवा. पुस्तकात 'वेलक्रो क्रॅकल्स' म्हणतात तो हाच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला मी पहिल्या दिवशी हे करायला लावतो. पुस्तकातल्या दोन पानांपेक्षा तो पट्टा जास्त शिकवतो.

मग बोटं बघा. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावायला सांगा. मध्ये शंकरपाळ्यासारखी फट दिसते. ती बुजली असेल तर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगलेली. आयपीएफमध्ये, म्हणजे ज्याचं कारण सापडत नाही त्या फायब्रोसिसमध्ये, ते बऱ्याच जणांत असतं, सगळ्यांत नसतं. क्लबिंग नाही म्हणून शंका सोडू नका.

इथला सापळा हार्ट फेल्युअरचा. त्यातही दोन्ही तळांना आवाज येतात. पायाला सूज, रात्री उशा वाढवून झोपणं, मानेच्या फुगलेल्या शिरा बघा. लघवीच्या गोळीने आवाज गेले तर हृदय. गोळी देऊनही आठवडाभराने तसेच असतील तर पुढे चला.

४. चालवून बघा

बसल्यावर ९६. चालवल्यावर ८६. फायब्रोसिसचा चोरपणा तो हाच. बसलेल्या पेशंटच्या बोटाचा आकडा लिहून तुम्ही त्याला 'नॉर्मल'चं सर्टिफिकेट देता.

व्हरांडा लांब असेल तर सहा मिनिटं त्याच्या चालीने चालवा, सोबत कुणीतरी ऑक्सिमीटर लावून चालेल. जागा नसेल तर हात नसलेल्या खुर्चीवरून एका मिनिटात जमेल तितक्या वेळा उठ-बस करायला सांगा. ऑक्सिजन ४ टक्के किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा ८८ वर आला, तर पुढची पायरी पक्की. संपल्यावरही मिनिटभर बोट ऑक्सिमीटरमध्येच ठेवा. पुष्कळदा आकडा थांबल्यानंतर उतरतो.

छातीत दुखत असेल, अलीकडे हार्ट ॲटॅक झाला असेल किंवा बसल्यावरच ९० च्या खाली असेल तर चालवू नका. मी ८५ ला थांबवतो.

५. घर, शेत आणि औषधांची पिशवी

ही पायरी लांब आहे, कारण खान्देशात खरा शोध इथेच लागतो.

फायब्रोसिस म्हटलं की पुस्तकं आयपीएफपासून सुरुवात करतात. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. देशातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या, म्हणजे फायब्रोसिस ज्या कुळातला त्या फुप्फुसाच्या आजारांच्या, १०८४ पेशंटची नोंद केली होती, ती २०१७ मध्ये छापून आली. त्यात सगळ्यात मोठा गट आयपीएफचा नव्हता. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा होता, ४७.३ टक्के. संधिवाताच्या कुळातले आजार १३.९ टक्के आणि आयपीएफ १३.७. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पिसं, विष्ठा अशा कशाची तरी फुप्फुसाला चीड येते आणि वर्षानुवर्षं ती येत राहिली की फुप्फुसात वण पडून ते कडक होतं. त्या नोंदीत या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या घरी कुलर होता.

आता जळगाव-भुसावळचा मे महिना डोळ्यासमोर आणा. पारा ४५ च्या आसपास. होळी झाली की माळ्यावरून कुलर उतरतो. गेल्या वर्षीच्या गवताच्या ताट्या तशाच, टाकीच्या तळाशी हिरवट थर, पाणी वरून भरलं की झालं. त्यातून निघालेली ओली हवा रात्रभर चेहऱ्यावर.

म्हणून "कुलर आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. हे विचारा :

कुलरचं तोंड कुणाच्या खाटेकडे? ताट्या शेवटच्या कधी बदलल्या? पाणी रोज काढता की वरच्या वर भरता? कुलर सुरू केला की संध्याकाळी किंवा रात्री अंग मोडून ताप, थंडी, खोकला येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, असं कधी झालं का? लग्नाला पाच-सहा दिवस बाहेरगावी गेलात तेव्हा खोकला कमी होता का? पावसाळ्यात बरं असतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांना 'हो' आलं तर तुमच्या हाती धागा लागला. 'नाही' आलं तरी सोडू नका. आजार जुना झाला की ऋतूचा फरक पुसला जातो.

आबांच्या घरी मी स्वतः गेलो. टाकीत हात घातला तर बोटांना शेवाळासारखं बुळबुळीत लागलं. ताट्या तीन उन्हाळे जुन्या आणि खालून काळ्या पडलेल्या. त्यांचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, गार हवा तर छान येते."

कुलरच्या पलीकडेही विचारायचं असतं. अवकाळीत भिजलेला कडबा किंवा कुटार गोठ्यात रचून ठेवलंय का, बुरशीची भुकटी उडते का, कुट्टी कोण करतं? घरात पोपट, कोंबड्या, वळचणीला पारवे? शहरात राहणाऱ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये एसीच्या पेटीवर कबुतरं? पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) स्वयंपाक, खोलीला धुराडं नाही? चुलीच्या धुराने दम्यासारखा आजार जास्त होतो, पण आधीच आजारी फुप्फुसाला तो बाधतोच.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीने छाती आवळते. ती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त असते. तो श्वासनलिकांचा आजार, फायब्रोसिस नव्हे. गल्लत होते म्हणून सांगितलं.

नंदुरबारकडे असाल तर आणखी एक प्रश्न कधीही विसरू नका. "गुजरातमध्ये कामाला गेला होतात का, आणि कसल्या?" ऊसतोड असेल तर ठीक. दगड फोडणं, क्रशर, क्वार्ट्झची भुकटी करणारा कारखाना, विहिरीचं खोदकाम असेल तर सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. शेजारच्या अलीराजपूर-झाबुआ भागातले आदिवासी मजूर अशा कारखान्यांत दोन-तीन हंगाम राबून तरुणपणी दगावले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. सिलिकोसिसमध्ये छातीच्या फोटोत (एक्स-रेत) डाग वरच्या भागात असतात, त्यामुळे तो हमखास टीबी समजला जातो. शिवाय या लोकांना टीबी होण्याचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतं. कारखान्यात काम करणाऱ्याला सिलिकोसिस झाल्याचं दिसलं तर १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार कळवणं ही डॉक्टरची जबाबदारी आहे. मजुराला भरपाई मागायची झाली तर तुमच्या केसपेपरवर कामाचं ठिकाण आणि वर्षं लिहिलेली हवीत. तेवढं तरी लिहा.

मग औषधांची पिशवी टेबलावर उलटी करा. हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन, संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी महिनोन्महिने चाललेलं नायट्रोफ्युरँटॉइन. तिन्ही फुप्फुसाला इजा करू शकतात. एकदम बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी बोला. गावोगावी मिळणारी 'दम्याची पुडी' पिशवीत निघाली तर तिच्यात स्टिरॉइड असू शकतं हे धरून चला.

शेवटी सांधे आणि कातडी. सकाळी तासभर बोटं आखडतात? थंडीत किंवा गार पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात? तोंडाची कातडी ताणलेली, डोळे-तोंड कोरडं? तरुण बाईत फायब्रोसिस दिसलं तर हे आधी.

६. टीबीचा गोंधळ

छातीच्या फोटोच्या रिपोर्टवर 'फायब्रोसिस' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी येतो. जुना टीबी बरा होऊन राहिलेला वण बहुधा वरच्या भागात, बहुधा एका बाजूला असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. आपण ज्याबद्दल बोलतोय तो आजार बहुधा खालच्या भागात, दोन्ही बाजूंना आणि वाढणारा. रिपोर्ट वाचून पेशंटला 'फायब्रोसिस आहे, काही नाही, जुना डाग आहे' असं सांगितलेलं मी पाहिलंय. उलटंही पाहिलंय. खरं फायब्रोसिस असताना 'टीबीच असणार' म्हणून गोळ्या.

नियम साधा ठेवा. थुंकी येत असेल तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या जंतूच्या तपासणीला पाठवा, प्रत्येकाची. निगेटिव्ह आली, दोन्ही तळांना चरचर आहे, ताप नाही, तर केवळ फोटोवरून टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी एचआरसीटी (पातळ कापांचा छातीचा सीटी स्कॅन) करून घ्या. टीबी खरंच असेल तर मात्र एक दिवसही घालवू नका. आणि पुढे कुणी स्टिरॉइड सुरू करणार असेल, तर त्याआधी टीबी नाही याची खात्री झालेली हवी.

७. फोटो आणि एचआरसीटी

छातीचा साधा फोटो काढाच, पण तो नॉर्मल आला म्हणून थांबू नका. सुरुवातीच्या आजारात तो नॉर्मल असू शकतो.

सीटीच्या चिठ्ठीवर नुसतं 'सीटी चेस्ट' लिहिलंत की जाड कापाचा, डाय टोचून केलेला स्कॅन हातात येतो. पेशंटचे पैसे गेले आणि उपयोग अर्धा. मी असं लिहितो : 'एचआरसीटी थोरॅक्स, कॉन्ट्रास्ट नको, दीड मिलिमीटर किंवा पातळ काप, पूर्ण श्वास आत घेऊन आणि पूर्ण बाहेर सोडून, पालथं झोपवूनही. शंका : आयएलडी.' श्वास सोडलेले काप कुलर-कबुतरवाल्या आजारासाठी फार उपयोगी, कारण त्यात अडकून राहिलेली हवा दिसते. पेशंटला फिल्मसोबत सीडी मागून घ्यायला सांगा.

रिपोर्टमध्ये 'हनीकोंबिंग', 'ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस', 'यूआयपी पॅटर्न' असे शब्द आले तर छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवायला उशीर नको. 'मोझेक', 'एअर ट्रॅपिंग' आले तर पाचव्या पायरीचे प्रश्न पुन्हा विचारा.

स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, जमली तर उत्तम. एफव्हीसी (जोराने पूर्ण बाहेर सोडलेली हवा) कमी पण पहिल्या सेकंदात सुटलेल्या हवेचं तिच्याशी गुणोत्तर नॉर्मल किंवा जास्त, म्हणजे फुप्फुस आखडलंय. डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ती तपासणी) मोठ्या केंद्रातच होते. रक्तात सीबीसी, लिव्हर, किडनी, साखर, एचआयव्ही, आणि संधिवाताच्या कुळासाठी एएनए, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. सोबत ईसीजी आणि जमल्यास इको.

८. पाठवण्याची चिठ्ठी आणि पेशंटची पिशवी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. 'छातीचा आजार, पुढील उपचारासाठी' असं लिहून पाठवलेला पेशंट तिथे ओपीडीच्या रांगेत दिवस काढतो आणि पंप घेऊन परत येतो. चिठ्ठीत हे लिहा : दम कधीपासून आणि किती वाढला. पाठीत काय ऐकू आलं. बसल्यावर आणि चालवल्यावर ऑक्सिजन. कुलर, पक्षी, धूळ, विडी, कामाचा इतिहास. चालू औषधं. थुंकीचा रिपोर्ट. आणि शेवटी स्पष्ट, 'आयएलडीची शंका'.

पेशंटसोबत जाऊ द्या :

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- जुने सगळे छातीचे फोटो, तारखेनुसार लावलेले. पाच वर्षांपूर्वीचा फोटो सोन्यासारखा, कारण आजार किती वेगाने वाढला ते त्यावरून कळतं
- सीटीची फिल्म, रिपोर्ट आणि सीडी
- टीबीचं कार्ड, असेल तर
- चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, पंपासकट
- घरातलं एक माणूस, ज्याला सगळा इतिहास माहीत आहे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल एक गैरसमज आहे. तिचा उपयोग मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी होतो. दर महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळतील असं सांगून घरच्यांना आशेवर ठेवू नका. आरोग्यमित्राला विचारून मगच बोला.

९. निदान झाल्यावर तुमचं काम

तज्ज्ञ औषध लिहितात, पण पेशंट उलट्या व्हायला लागल्या की तुमच्याकडेच येतो.

आधी स्टिरॉइड. कुलर-पक्ष्यांच्या आणि संधिवाताच्या आजारात तज्ज्ञ ते देतात आणि उपयोग होतो. आयपीएफमध्ये मात्र स्टिरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टिन एकत्र दिल्याने मृत्यू आणि भरती वाढल्याचं २०१२ मध्ये सिद्ध झालं. म्हणून निदान पक्कं नसताना 'बघू या' म्हणून महिनोन्महिने प्रेडनिसोलोन देऊ नका. साखर वाढते, हाडं जातात, टीबी डोकं वर काढतो.

आयपीएफसाठी मुख्यतः दोन औषधं, पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब. दोन्ही आजाराचा वेग कमी करतात, झालेला व्रण मागे घेत नाहीत. हे पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात 'फरक पडत नाही' म्हणून गोळ्या बंद झालेल्या असतात. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, तरी महिन्याचा खर्च शेतमजुराच्या घराला जड जातोच.

पिरफेनिडोन पोटभर जेवणानंतरच. साधारणतः २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करून दर आठवड्याला वाढवतात. मळमळ झाली तर पायरी खाली या, बंद करू नका. या औषधाने ऊन बाधतं, कातडी भाजल्यासारखी लाल होते. आमच्या उन्हात हे फार. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला उपरणं आणि शेतातली फेरी सकाळी आठच्या आत. विडी ओढत असेल तर औषधाचा असर कमी होतो. आणि जुलाबाला आपण सहज लिहितो ते सिप्रोफ्लॉक्सासिन, त्याने पिरफेनिडोनची रक्तातली पातळी वाढते. टाळा.

निंटेडॅनिबला जुलाब ठरलेले. लोपेरामाइड आणि साखर-मिठाचं पाणी घरात ठेवायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तज्ज्ञांना कळवा. दोन्ही औषधांना लिव्हरची तपासणी लागते. पहिले काही महिने दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. हे काम पीएचसीत होऊ शकतं, त्यासाठी पेशंटला जिल्ह्याला पिटाळू नका.

कुलरवाल्या आजारात पहिलं औषध म्हणजे कुलर बाहेर. धुऊन-पुसून परत लावलेला नाही, घराबाहेर. इथे भांडण होतं. ४५ डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला पत्र्याखाली बिनकुलरचं झोपवायचं कसं, हा घरच्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि उष्माघातही खराच आहे. आबांच्या घरी आम्ही मार्ग काढला तो असा. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, खाट मधल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवली, कोरडा पंखा लावला आणि कुलर विकला. पुढच्या वर्षी मुलाने एसी घेतला. त्याची जाळी पंधरा दिवसांनी धुवायला लावतो. ज्या घरात कुणी आजारी नाही त्यांनाही ताट्या दरवर्षी बदलायला आणि पाणी रोज काढायला सांगा.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची लस. जमेल तसं रोज चालणं, कारण 'दम लागतो म्हणून बसून राहा' या सल्ल्याने पाय आधी जातात. रात्रीची शेवभाजी आणि ठेचा संध्याकाळी सातला आणा, छातीत जळजळ होत असेल तर खोकला त्यानेही वाढतो. दर तीन महिन्यांनी वजन आणि चालवून ऑक्सिजन लिहून ठेवा.

१०. ऑक्सिजन आणि लाइट

बसल्यावर ८८ किंवा खाली राहायला लागला की घरी ऑक्सिजन, दिवसातून निदान १५ तास. 'दम लागला की दहा मिनिटं' असं नव्हे. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट ओढतो. घरच्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर तो तीनेक तास चालतो, बॅटरी जुनी असेल तर तेवढाही नाही. म्हणून सोबत सिलिंडर हवाच. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास. हा भागाकार घरच्यांकडून कागदावर करून घ्या आणि कागद सिलिंडरला चिकटवा. रात्री दोनला लाइट गेली की हिशेब कुणाला सुचत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे इतकी धूळ की मशीनची जाळी आठवड्यातून एकदा धुवावी लागते. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी. चूल, विडी, देव्हाऱ्यातली समई ऑक्सिजनपासून लांब. समईवरून आजींशी वाद होईल, तो घाला.

११. कधी धावपळ करायची, कधी नाही

काही दिवसांत किंवा महिन्याच्या आत दम अचानक वाढला, नेहमीचा ९२ चा माणूस ८२ वर आला, ताप आला, तर आजार उसळलाय किंवा न्यूमोनिया झालाय. ऑक्सिजन लावा, १०८ बोलवा, फोन करतानाच ऑक्सिजन लागेल हे सांगा आणि जुनी फाइल सोबत द्या. एका बाजूला अचानक दुखून दम लागला तर फुप्फुस फुटून हवा छातीत भरल्याची शंका घ्या.

आणि शेवटाबद्दल. उपचार न घेतलेल्या आयपीएफच्या पेशंटपैकी निम्मे निदानानंतर तीन ते पाच वर्षांत जातात. कुलरवाल्या आजाराचं भवितव्य बहुधा बरं असतं, विशेषतः कारण सापडून बाजूला झालं तर. फुप्फुस बदलण्याचा विचार साठीच्या आतल्या, बाकी तब्येत बरी असलेल्या माणसाबद्दल लवकर करावा लागतो. बाकीच्यांच्या घरी कधीतरी बसून विचारावं लागतं की दवाखान्याच्या खाटेवर की घरी. आपल्याकडे हे मुलं ठरवतात. मी आधी पेशंटलाच विचारतो, मुलांसमोर. शेवटच्या दमासाठी मॉर्फिनचा अगदी छोटा डोस उपयोगी पडतो. ते मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं, म्हणून गरज पडण्याआधी जवळची संस्था कुठली ते शोधून ठेवा. सोबत बद्धकोष्ठाचं औषध द्या. आणि टेबलफॅन चेहऱ्यावर, हातभर अंतरावरून. त्या वाऱ्याने खरंच बरं वाटतं.

सिलिंडर भाड्याने देणारे अनामत घेतात. पावती फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवायला सांगा, घरच्यांना नंतर ती सापडत नाही.